झीरो: बैलगाडीतून विमानतळावर गेलेलं लढाऊ विमान

तांडेल

मागच्या आठवड्यात हेलकॅट या अमेरिकन लढाऊ विमानाच्या धाग्यावर एका सदस्याने दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या झीरो विमानाला ‘पत्र्याचा पेटता डबा’ म्हटलं. तिथे उत्तर लिहायला बसलो तर ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. झीरो पेट घ्यायचं हे खरंच आहे. पण का घ्यायचं, हे सांगितल्याशिवाय ते विधान अर्धवट राहतं. या विमानाबद्दल मिळेल ते मी बरीच वर्षं वाचतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय: झीरोचं जे काही उणं होतं ते जवळजवळ सगळं इंजिनापाशी येऊन थांबतं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये जपानी नौदलाने नव्या लढाऊ विमानासाठी मागण्या पाठवल्या. विमानवाहू नौकेवरून उडायचं, १२ मीटर प्रतिसेकंद वारा समोरून असताना ७० मीटरच्या आत डेक सोडायचा, ४,००० मीटर उंचीवर ताशी ५०० किलोमीटर वेग गाठायचा. दोन २० मिलिमीटरच्या तोफा आणि दोन मशीनगन घ्यायच्या. जादा टाकी लावून सावकाश उडालं तर सहा ते आठ तास हवेत राहायचं. आणि एवढं सगळं करून चपळाईत आधीच्या ए५एम विमानापेक्षा कमी पडायचं नाही. नाकाजिमा कंपनीने हे वाचलं आणि स्पर्धेतून अंग काढून घेतलं. मित्सुबिशीकडे जिरो होरिकोशी होते. वय पस्तिशीच्या आत, ए५एम त्यांचंच. त्यांनी हो म्हटलं.

हाताशी इंजिन काय होतं? पहिल्या नमुन्याला झुइसेई लावलं, ७८० अश्वशक्तीचं. पुढे नाकाजिमाचं साकाए आलं, ते ९४० च्या घरातलं. एवढ्याशा ताकदीवर इतक्या मागण्या पुऱ्या करायच्या म्हणजे एकच वाट उरते, वजन खरवडून काढायचं. होरिकोशींनी ते कसं केलं हे पाहण्यासारखं आहे. सांगाड्याच्या प्रत्येक पट्टीला, जिथे जोर येत नाही तिथे, गोल भोकं पाडली. वैमानिकाच्या खुर्चीलासुद्धा भोकं आहेत. बहुतेक विमानांत पंख धडाला नटबोल्टने जोडतात आणि त्या जोडाचे लोखंडी तुकडे चांगलेच जड असतात. इथे पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग नेला, कॉकपिटचा भाग त्यालाच एकजीव केला आणि जोड ठेवला तो कॉकपिटच्या मागे, शेपटाकडे. स्पारसाठी सुमितोमोने नुकतंच काढलेलं जस्तमिश्रित अॅल्युमिनियम वापरलं. तेव्हा जगात इतका दणकट आणि इतका हलका पत्रा दुसऱ्या कोणाच्या विमानात नव्हता.

मार्च १९३९ मध्ये पहिलं विमान तयार झालं. नागोयाच्या कारखान्याला धावपट्टीच नव्हती. कागामिगाहाराचा विमानतळ जवळपास ४८ किलोमीटरवर, रस्ता खडबडीत. ट्रकमध्ये घातलं तर हादऱ्याने पत्र्याला पोचे येतील ही भीती. म्हणून विमानाचे दोन भाग केले, दोन बैलगाड्यांवर चढवले आणि रात्रभर बैलांच्या पावलांनी नेले. १ एप्रिलला ते उडालं. ही सोय त्या एका दिवसापुरती होती असं समजू नका. युद्ध ऐन भरात असतानाही त्या कारखान्यातून विमानं बैलगाडीनेच जात होती. बैल कमी पडले तेव्हा घोडे जुंपले.

नाव झीरो का? जपानी राजपंचांगाप्रमाणे १९४० हे २६०० वं वर्ष. त्याचा शेवटचा आकडा शून्य, म्हणून ‘शून्य नमुन्याचं लढाऊ विमान’.

१३ सप्टेंबर १९४० ला चीनमध्ये चुंगकिंग शहरावर १३ झीरो चिनी हवाई दलाच्या आय-१५ आणि आय-१६ विमानांवर तुटून पडली. जपान्यांनी २७ पाडल्याचा दावा केला. चिनी नोंदींत १३ पडली आणि ११ ची मोडतोड झाली. दावा बाजूला ठेवला तरी एकही झीरो पडलं नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे.

पुढचं प्रतिसादांतून बोलू. पर्ल हार्बर सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्चत नाही.

भोसरीकर

तांडेल, वाचनखूण साठवली. तुम्ही त्या जस्ताच्या अॅल्युमिनियमवर एकच ओळ लिहिलीत, मला त्यावर दोन शब्द लिहायचेत. माझा हात रोज त्याच जातीच्या धातूवर असतो. आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं ‘सेव्हन्टी सेव्हन्टीफाइव्ह’ म्हणतात. अमेरिकेत अल्कोआ कंपनीने ते १९४३ मध्ये आणलं, जपानी विमानाच्या अवशेषांचा अभ्यास करून. आपलं नेहमीचं सिक्स्टी सिक्स्टीवन अॅल्युमिनियम मशीनवर लावलं की चिप, म्हणजे कापताना निघणारी साल, लांबलचक, चिवट निघते आणि टूलला गुंडाळते. सेव्हन्टी सेव्हन्टीफाइव्ह कडक, त्याची चिप टकटक तुटून पडते. नुसत्या आवाजावरून कळतं बेडवर काय लावलंय.

पण या धातूत एक खोट आहे, दमट खारी हवा त्याला सोसत नाही. ताणाखाली असेल तर आतून बारीक तडा धरतो. समुद्रावरच्या विमानाला हाच धातू वापरायचा म्हणजे होरिकोशींना वजनाची किती निकड असेल याचा अंदाज येतो.

अंबोलीचा पाऊस

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. चुंगकिंगचा उल्लेख तुम्ही हवाई लढतीचा निकाल सांगावा तसा केलात. ती झीरो तिथे बॉम्बफेकी विमानांना सोबत करायला गेली होती. खाली शहर होतं, त्यात माणसं होती. विमानाच्या घडणीचं कौतुक जरूर करा, पण ते कशासाठी उडत होतं हेही त्याच परिच्छेदात यायला हवं.

तांडेल

@अंबोलीचा पाऊस, तुमचं म्हणणं मान्य. ते माझ्याकडून राहिलं आणि राहायला नको होतं. चुंगकिंगवर जपान्यांनी वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. आधी सोबतीच्या लढाऊ विमानांचा पल्ला तिथवर पोचत नव्हता, त्यामुळे बॉम्बफेकी विमानांना चिनी वैमानिकांचा मार खावा लागायचा. झीरो आलं आणि शहराचं ते संरक्षणही गेलं. पल्ल्याचं कौतुक करताना त्याचा हा पहिला उपयोग नजरेआड करता येत नाही.

@भोसरीकर, चिपचा आवाज ही गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. आभार.

यंत्रसखी

मी एरोनॉटिकलची आहे. झीरोबद्दल बोलताना सगळे भोकांबद्दल आणि हलक्या पत्र्याबद्दल बोलतात. मला होरिकोशींचं सर्वांत मोठं काम वाटतं ते एलिव्हेटरच्या, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या झडपेच्या, तारेचं.

चाचणीत वैमानिकांची तक्रार अशी होती: वेग कमी असताना स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) बरीच ओढावी लागते, ते ठीक. पण वेग वाढला की स्टिक जराशी हलवली तरी विमान एकदम नाक वर करतं. कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, त्यामुळे एलिव्हेटर तेवढाच वळला तरी परिणाम कितीतरी जास्त. उतरताना स्टिक एका अंदाजाने ओढायची आणि लढताना दुसऱ्याच, असं वैमानिकाने कसं जमवायचं?

तेव्हाचा नियम होता की स्टिकपासून एलिव्हेटरपर्यंतच्या तारा आणि नळ्या ताठ असल्या पाहिजेत, ताणता कामा नयेत. होरिकोशींनी मुद्दाम उलट केलं, तारा बारीक आणि नळ्या लवचीक घेतल्या. वेग कमी असताना हवेचा जोर थोडा, तार ताणत नाही, स्टिक जेवढी ओढली तेवढा एलिव्हेटर वळतो. वेग वाढला की हवेचा जोर एलिव्हेटरला मागे रेटतो, तार ताणते आणि एलिव्हेटर कमी वळतो. म्हणजे स्टिक दोन्ही वेळा सारखीच ओढायची, बाकीचं तार बघून घेते. कुठलंही यंत्र नाही, वजन वाढलं नाही, उलट कमी झालं. झीरो हातात घेतलेल्या वैमानिकांना ते इतकं आज्ञाधारक का वाटायचं, त्याचं निम्मं उत्तर या तारेत आहे.

मात्र एलेरॉनचं, म्हणजे विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखावरच्या झडपांचं, दुखणं राहिलंच. २०० नॉटच्या (ताशी सुमारे ३७० किलोमीटर) पुढे ते दगडासारखे जड व्हायचे, विमान कुशीवर वळेना. अमेरिकनांनी नेमकं तेच पकडलं.

आणि चाचणी घेणाऱ्या दोन वैमानिकांची नावं घेतली पाहिजेत. ओकुयामा, मार्च १९४० मध्ये सूर मारण्याच्या चाचणीत विमान हवेतच फुटलं आणि ते गेले. शिमोकावा, एप्रिल १९४१ मध्ये पंखाच्या थरथरीचं कारण शोधताना गेले. त्यानंतर पंखाचा पत्रा जाड केला.

दर्याकिनारी

हेलकॅट विमान अमेरिकनांनी पकडलेलं झीरो उघडून, त्याचा अभ्यास करून बनवलं ना? त्या अर्थी झीरोच हेलकॅटचा बाप.

आणखी एक. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर झीरोनेच बॉम्ब टाकले होते असं ऐकलंय. आणि तेव्हाच श्रीलंकेजवळ बुडालेली ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मीस’ म्हणजे आपली ‘विराट’ का? ती वर काढून दुरुस्त केली होती का?

तांडेल

@दर्याकिनारी, तिन्ही गोष्टी वरचेवर ऐकू येतात म्हणून नीट लिहितो.

हर्मीस नावाची जहाजं दोन. ९ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी बुडवली ती जुनी. ती अजून समुद्राच्या तळाशीच आहे. त्या दिवशी तिच्या डेकवर तिची स्वतःची विमानं नव्हती. आपली विराट म्हणजे त्याच नावाची पुढची नौका, युद्धानंतर पाण्यात उतरलेली.

विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर ६ एप्रिलला बॉम्ब पडले ते ‘र्‍युजो’ या छोट्या विमानवाहू नौकेच्या बी५एन विमानांनी टाकलेले. ती तीन माणसांची बॉम्बफेकी विमानं. झीरो त्याच्या आदल्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर होती. तिथे ब्रिटिशांची हरिकेन विमानं मोठ्या संख्येने पडली.

आता हेलकॅट. तारखा बघा. अलास्काच्या अॅल्युशन बेटांतल्या अकुतानवर कोसळलेलं झीरो अमेरिकन गस्ती विमानाला दिसलं १० जुलै १९४२ ला. हेलकॅटचा पहिला नमुना उडाला २६ जून १९४२ ला, म्हणजे आधीच. त्याचं कंत्राट तर १९४१ च्या जूनमधलं. तेव्हा बाप वगैरे काही नाही. झीरोशी लढून आलेल्या वैमानिकांचं म्हणणं हेलकॅट बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने ऐकलं, हे खरं.

पण अकुतानची हकीकत या तारखेच्या वादात हरवू नये. तादायोशी कोगा हा तरुण वैमानिक ४ जूनला तिथल्या डच हार्बर या अमेरिकन तळावर हल्ल्याला गेला होता. एक गोळी तेलाच्या नळीला लागली. हिरवंगार सपाट मैदान दिसलं म्हणून त्याने चाकं खाली काढली. ते गवत नव्हतं, दलदल होती. चाकं रुतली, विमान उलटं झालं, त्याची मान मोडली. वर घिरट्या घालणाऱ्या सोबत्यांना हुकूम होता की शत्रूच्या मुलखात पडलेलं झीरो गोळ्या घालून नष्ट करायचं. कोगा आत जिवंत असेल या आशेने त्यांच्याने ते झालं नाही. महिनाभराने अमेरिकनांना जवळजवळ अख्खं विमान मिळालं. सॅन दिएगोला दुरुस्त करून सप्टेंबरमध्ये उडवलं तेव्हा दोन गोष्टी हाती आल्या. एक यंत्रसखींनी सांगितली ती, जड एलेरॉन. वेगात असताना उजवीकडे वळणं तर डावीकडच्याहून अवघड. दुसरी, नाक झटकन खाली दाबलं की कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळेनासं व्हायचं आणि इंजिन अडखळायचं. मग वैमानिकांना सल्ला गेला: मागे झीरो लागलं तर नाक खाली दाबून सूर मारा, वेग वाढवा आणि उजवीकडे वळा.

श्रावणसर

छान चाललाय धागा. पण ‘सगळं इंजिनापाशी येऊन थांबतं’ हे मला पटत नाही. अमेरिकेचं वाइल्डकॅटही तेव्हा १,२०० अश्वशक्तीचंच होतं, झीरोपेक्षा हळू, चढायला जड. तरी त्यात चिलखत होतं, गोळी लागली तर आपोआप बुजणारी टाकी होती. थॅच नावाच्या अधिकाऱ्याने घरी टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून दोन-दोन विमानांनी एकमेकांना कात्रीसारखं छेदत उडायचा डाव बसवला आणि जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईत तो चालला. म्हणजे कमी ताकदीचं विमानही डोकं लढवून टिकतं. जपानी नौदलाने वैमानिकाच्या जिवाची किंमत कमी धरली, असं सरळ म्हणा ना.

तांडेल

@श्रावणसर, थॅचबद्दल पूर्ण सहमत. चिलखताबद्दल तुमच्याशी थोडा वाद घालतो.

१९३८ च्या बैठकीत नौदलाचे दोन अधिकारी समोरासमोर उभे राहिले. गेंदा म्हणाले चपळाई आधी, शिबाता म्हणाले वेग आणि पल्ला आधी. दोघेही नामांकित वैमानिक, कोणी माघार घेईना. तोडगा निघालाच नाही, होरिकोशींना दोन्ही करायला सांगितलं. त्या यादीत चिलखत, बुजणारी टाकी असं संरक्षण कोणीच मागितलं नव्हतं (झीरो पेट घ्यायचं ते म्हणूनच), कारण चीनवर उडणाऱ्यांना तेव्हा पल्ला हेच संरक्षण वाटत होतं. म्हणजे वैमानिकाच्या जिवाचा विचार झाला नाही, हे तुमचं बरोबर. पण समजा मागितलं असतं, तर ९४० अश्वशक्तीत ते बसवायचं कुठे? वाइल्डकॅटकडे तेव्हाही अडीचशे अश्वशक्ती जास्त होती आणि त्याला झीरोएवढं लांब जायचं नव्हतं.

लांब म्हणजे किती, ते सांगतो. युद्धाच्या पहिल्या दिवशी तैवानहून फिलिपिन्सवर जाऊन परत यायचं होतं, जाताना जवळपास ८०० किलोमीटर, तेवढंच येताना, मध्ये लढाई. आधी ठरलं होतं की त्यासाठी छोट्या विमानवाहू नौका लागतील. तैनान तुकडीच्या वैमानिकांनी महिनोन् महिने सराव केला. पंखा मंद फिरवायचा, पेट्रोलचं मिश्रण इतकं पातळ ठेवायचं की इंजिन बंद पडायच्या काठावर चालेल. त्यातून नौकांची गरजच उरली नाही.

पण त्याच पल्ल्याने पुढे जीव घेतले. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन सैन्य सॉलोमन बेटांतल्या ग्वादालकनालवर उतरलं. जपान्यांचा तळ रबाउलला, हजारेक किलोमीटरवर. तेवढ्यात जास्त ताकदीचं इंजिन आणि आखूड पंख घेऊन झीरोचं नवं मॉडेल ३२ आलं होतं. इंजिन मोठं झालं तशी पेट्रोलला जागा कमी झाली. ते रबाउलहून ग्वादालकनालला जाऊन परत येऊच शकत नव्हतं! सगळा भार जुन्या मॉडेल २१ वर. ७ ऑगस्टला साबुरो साकाई या वैमानिकाच्या डोक्याला गोळी लागली, एक डोळा निकामी झाला, अर्धं अंग लुळं. तशा अवस्थेत पावणेपाच तास उडवून त्यांनी विमान रबाउलला परत आणलं. ते परत आले. कितीतरी जण आले नाहीत. वैमानिक पॅसिफिकमध्ये पडला की गेला, आणि त्याच्या जागी तितका शिकलेला दुसरा माणूस तयार होत नव्हता.

यंत्रसखी

मग मोठं इंजिन लावलंच नाही का कधी? मित्सुबिशीचं स्वतःचं किन्सेई होतं की.

तांडेल

@यंत्रसखी, याच प्रश्नाची वाट पाहत होतो. किन्सेईचा विचार होरिकोशींनी अगदी सुरुवातीला केला होता. ते आकाराने मोठं, विमानही मोठं झालं असतं आणि छोट्या चपळ विमानांची सवय असलेल्या वैमानिकांनी ते नाकारलं असतं, म्हणून झुइसेई घेतलं. पुढे साकाए आलं आणि नौदल त्यालाच चिकटून राहिलं. १९४३ मध्ये समोर हेलकॅट आलं, २,००० अश्वशक्तीचं. रिकामं हेलकॅट चार टनांच्या वर, रिकामं झीरो दोन टनांच्याही आत. हेलकॅटमध्ये चिलखत, बुजणाऱ्या टाक्या, सहा मशीनगन, सगळं बसलं आणि तरी ते वेगवान, कारण ओढायला इंजिन होतं. तेव्हा झीरोचं मॉडेल ५२ किती अश्वशक्तीवर होतं? १,१३०.

किन्सेई लावलेलं झीरो, ए६एम८, अखेर उडालं एप्रिल १९४५ मध्ये. नमुने बनले दोन. तोवर नागोया डिसेंबर १९४४ च्या भूकंपाने हादरलं होतं, पाठोपाठ अमेरिकन बॉम्ब पडले होते. आणि झीरोला २५० किलोचा बॉम्ब बांधून कोवळी मुलं ऑक्टोबर १९४४ पासून नौकांवर आदळत होती. ज्या विमानाने सगळ्यांत लांब जाऊन परत यायचं म्हणून एकेक ग्रॅम वाचवला, त्याला परत यायचंच नाही असं काम दिलं. मला या विमानाच्या इतिहासातलं हे पान वाचवत नाही.

एकूण झीरो बनली जवळपास १०,९००. त्यांतली अर्ध्याहून जास्त नाकाजिमाने बनवली, ज्यांनी सुरुवातीला अंग काढून घेतलं होतं त्यांनीच.

बोगमाळो

वर विमानवाहू नौकेच्या डेकचा विषय निघाला म्हणून लिहितो. झीरो भारतात कुठे बघायला मिळणार नाही, पण डेकवरचं विमान म्हणजे काय हे हात लांब करून बघायचं असेल तर गोव्याला दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. तिथे सी हॉक आहे, १९७१ मध्ये विक्रांतवरून कॉक्स बाजार आणि चितगावावर गेलेल्या जातीचं. सी हॉकचे पंख मधूनच वर दुमडतात. झीरोच्या मॉडेल २१ ला फक्त पंखाची टोकं, अर्धा-अर्धा मीटर, वर वळायची, लिफ्टमध्ये मावण्यापुरती. पूर्ण दुमडणाऱ्या पंखाची बिजागरी केवढी जाडजूड असते ते तिथे दिसतं, आणि होरिकोशींनी ती का टाळली तेही लगेच कळतं.

कावेरीची लेक

मी इथे फारसं लिहीत नाही. माझी आजी नव्वदीत आहे. १९४२ मध्ये तिचे वडील मद्रासला रेल्वेत होते. त्या एप्रिलमध्ये सरकारी कचेऱ्याही शहराबाहेर हलवल्या, लोक मिळेल त्या गाडीने निघाले. आजी, तिची आई आणि दोन भावंडं मिरजेला मामाकडे आली. आजीला एवढंच आठवतं की आईने पितळी डबा भरून भात घेतला होता आणि वाटेत तो आंबला. इतकी वर्षं ती आम्हाला सांगते की जपानी विमानं मद्रासवर येऊन परत गेली. ते कुठलं जहाज होतं, कोणाला सांगता येईल का?

तांडेल

@कावेरीची लेक, त्या दिवसांत मद्रासवर विमानवाहू नौकांचा हल्ला झाला नाही. विशाखापट्टणमच्या बॉम्बनंतर आता आपली पाळी, अशी भीती शहरात पसरली आणि त्या भीतीने गावं रिकामी झाली. बंगालच्या उपसागरात फिरणारं जहाज म्हणजे वर लिहिलेलं र्‍युजो. दोनच महिन्यांनी ते अॅल्युशनला होतं. अकुतानच्या दलदलीत पडलेला कोगा त्याच र्‍युजोवरून उडाला होता. २४ ऑगस्ट १९४२ ला सॉलोमन बेटांजवळ अमेरिकन विमानांनी ते बुडवलं. आजींना नक्की सांगा.

कावेरीची लेक

वाचून दाखवलं. तिने जहाजाचं नाव दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, ‘बुडालं ते आम्हाला तेव्हा कोणी का नाही सांगितलं? ऑगस्टमध्ये आम्ही अजून मिरजेलाच होतो.’